‘ज्याला’ दिसलं म्हणून ‘हूम’ लिहू नका: इंग्रजीतलं संबंधी सर्वनाम कसं ठरवायचं

सेलूच्या एका ताईंचा प्रश्न आहे. बँकेच्या परीक्षेची तयारी करतात. संबंधी सर्वनामांचा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे: माणूस असेल तर हू, वस्तू असेल तर व्हिच, ‘ला’ आलं की हूम, ‘चा-ची-चे’ किंवा ‘ज्याच्या’ आलं की हूज, आणि काहीच सुचलं नाही तर दॅट. तरीही सरावात दहातले चार प्रश्न चुकतात. त्यांनी स्वतःची तीन वाक्यं पाठवली आहेत, वर मराठी आणि खाली इंग्रजी.

ज्या मुलीला नोकरी लागली ती माझी मैत्रीण आहे.
द गर्ल हूम गॉट द जॉब इज माय फ्रेंड.

मी राहते ते घर जुनं आहे.
द हाउस व्हिच आय लिव्ह इज ओल्ड.

ज्यांच्याकडे मी इंग्रजी शिकले ते सर निवृत्त झाले.
द टीचर हूज आय लर्न्ड इंग्लिश, ही इज रिटायर्ड.

त्या विचारतात, ‘सगळं तक्त्याप्रमाणे लिहिलं, मग चुकलं कुठे?’

ताई, तक्ता पाळलात तिथेच चुकलं. मी चोवीस वर्षं अंबाजोगाईत इंग्रजी शिकवतोय, आधी शाळेत आणि आता संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना. पहिली काही वर्षं हाच तक्ता मीही फळ्यावर लिहून देत होतो. मुलं तो वहीत उतरवायची, लाल पेनने चौकट आखायची आणि पेपरात नेमकी ‘ला’पाशी अडकायची. तक्त्यातली माणूस-वस्तूची ओळ बरोबर आहे, ती ठेवा. ‘ला’ची आणि ‘ज्याच्या’ची ओळ आजच खोडून टाका, कारण ती तुम्हाला मराठी वाक्याचा प्रत्यय बघायला लावते. हू घ्यायचं की हूम, हे इंग्रजी वाक्यातल्या क्रियापदावर ठरतं. मराठीतल्या ‘ला’ला तिथे काही अधिकार नाही.

असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या निम्म्याअधिक चुका इथल्याच असतात.

मराठीत ज्याला भूक लागते, ताप येतो, काही आवडतं, मिळतं, येतं, त्याला आपण ‘ला’ लावतो. मला भूक लागली, तिला इंग्रजी येतं, त्याला दोन मुलं आहेत. इंग्रजीत हीच माणसं सरळ कर्त्याच्या जागी बसतात: आय ॲम हंग्री, शी नोज इंग्लिश, ही हॅज टू चिल्ड्रन. म्हणून ‘ज्याला पोहता येतं’ म्हणजे हू कॅन स्विम. ‘ज्याला चहा आवडतो’ म्हणजे हू लाइक्स टी. ‘ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे’ म्हणजे हू हॅज अ ट्रॅक्टर, तिथे हूजचा संबंध नाही. ‘ज्याचं लग्न झालंय’ तोसुद्धा हू इज मॅरीड. मराठीत ला, कडे, चं असे तीन निरनिराळे प्रत्यय आले आणि इंग्रजीत चारही ठिकाणी साधं हू बसलं.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे. ‘जी मुलगी मला बसस्टँडवर भेटली’ यात ‘जी’ला कुठलाच प्रत्यय नाही. तक्त्याप्रमाणे हू यायला हवं. पण इंग्रजीत भेटणारा मी आहे: आय मेट हर. म्हणून द गर्ल हूम आय मेट. तसंच ‘जो गायक मला आवडतो’. मराठीत गायक आवडतो, इंग्रजीत मी त्याला लाइक करतो, तेव्हा द सिंगर हूम आय लाइक. म्हणजे ‘ला’ असताना हू येऊ शकतं आणि ‘ला’ नसताना हूम येऊ शकतं. मग तक्त्यावर विसंबायचं कसं?

काही वर्षांपूर्वी माजलगावकडच्या एका खेड्यातून एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याने वहीत लिहिलं होतं, द फार्मर हूम हॅज नो वेल बाइज वॉटर. ज्या शेतकऱ्याला विहीर नाही तो पाणी विकत घेतो. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, याची दोन छोटी इंग्रजी वाक्यं कर. त्याने एकाखाली एक लिहिली: द फार्मर बाइज वॉटर. ही हॅज नो वेल. मग डस्टर त्याच्या हातात देऊन दुसऱ्या वाक्यातलं ‘ही’ पुसायला सांगितलं. खडूचा पांढरा फराटा राहिला. ‘आता या फराट्यावरच संबंधी सर्वनाम लिही.’ तो खडू धरून क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘इथं तर ही होतं सर, हिम कुठं होतं?’ आणि त्याने स्वतःच हू लिहिलं.

तेव्हापासून माझ्या वर्गात हाच प्रश्न चालतो: इथं काय पुसलं? ही, शी किंवा दे पुसलं असेल तर हू. हिम, हर किंवा देम पुसलं तर हूम. हिज, देअर किंवा इट्स अशी मालकी पुसली तर हूज. इट पुसलं तर व्हिच. देअर म्हणजे ‘तिथे’ पुसलं तर व्हेअर, देन म्हणजे ‘तेव्हा’ पुसलं तर व्हेन. हिम आणि हूम या दोन्हींच्या शेवटी म आहे, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरते.

तुमचं पहिलं वाक्य करून बघू. द गर्ल इज माय फ्रेंड. शी गॉट द जॉब. शी पुसलं, हू आलं. द गर्ल हू गॉट द जॉब इज माय फ्रेंड. मराठीतला ‘ला’ या सगळ्यात कुठे आडवासुद्धा आला नाही.

परीक्षेत याच जागी एक सापळा नेहमी लावतात. द मॅन डॅश आय थॉट वॉज द सरपंच टर्न्ड आउट टू बी हिज ब्रदर. आय थॉट शेजारी दिसलं की मुलं हूम लिहून मोकळी होतात. पुसून बघा: आय थॉट ही वॉज द सरपंच. ही पुसलं जातंय, म्हणून हू. आय थिंक, वी बिलीव्ह, ही सेड असे तुकडे मध्ये आले की ते बोटाने झाकायचे आणि उरलेलं वाचायचं.

आता दुसरं वाक्य, घराचं. इथली चूक वेगळ्या कारणाची आहे. आपण रोजच्या बोलण्यात जो-तो फारसं वापरतच नाही. ‘जो पाहुणा काल आला होता तो’ असं परभणी-बीडकडे कोण म्हणतं? ‘काल आलता तो पाहुणा’ किंवा ‘काल आलेला पाहुणा’ म्हणतात. मी राहते ते घर, मी बसलेली खुर्ची, आम्ही आलो ती एसटी. ही रचना सुटसुटीत आहे, मला फार आवडते, पण तिच्यात एक गोष्ट गडप होते. घरात राहते, खुर्चीवर बसले, एसटीने आलो, यातलं ‘त’, ‘वर’, ‘ने’ निघून जातं. मराठीत ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. इंग्रजीत ते ठेवावंच लागतं.

पुसून बघा. द हाउस इज ओल्ड. आय लिव्ह इन इट. इट पुसलं तर व्हिच आलं, पण इन तिथेच राहिलं, ते कुठे गेलं नाही. म्हणून द हाउस व्हिच आय लिव्ह इन इज ओल्ड. किंवा इन उचलून पुढे आणा: द हाउस इन व्हिच आय लिव्ह. किंवा ‘इन इट’ हे दोन्ही शब्द एकत्र पुसून त्यांच्या जागी ‘तिथे’ समजा, मग द हाउस व्हेअर आय लिव्ह. तिन्ही बरोबर. पहिलं बोलण्यातलं, दुसरं कागदोपत्री, तिसरं कुठेही चालणारं. चुकीचं एकच, तुम्ही लिहिलंत ते, कारण त्यात इन हरवलं.

आता कुणी म्हणेल, मग जागेचं नाव आलं की सरसकट व्हेअर लावून टाकू. तसंही करू नका. पैठणचं उदाहरण घ्या. पैठण इज द टाउन व्हेअर संत एकनाथ लिव्ह्ड. एकनाथ महाराज तिथे राहिले, ‘तिथे’ पुसलं, व्हेअर आलं. पण पैठण इज द टाउन व्हिच वी व्हिजिटेड लास्ट संडे. इथे वी व्हिजिटेड इट. इट पुसलं, म्हणून व्हिच. गाव तेच आहे, जागाही तीच आहे, फरक पाडला तो क्रियापदाने. दिवसाचंही तसंच. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. सेव्हन्टीन्थ सप्टेंबर इज द डे व्हेन मराठवाडा बिकेम फ्री. त्या दिवशी झाला, म्हणून व्हेन. ऑन व्हिचही चालेल. पण सेव्हन्टीन्थ सप्टेंबर इज अ डे व्हिच वी सेलिब्रेट एव्हरी इयर. आपण तो दिवस साजरा करतो, इट पुसलं, व्हिच. व्हेअर, व्हेन आणि व्हिच यांच्यातला गोंधळ या दोन जोड्या घोकल्या तरी बराचसा मिटतो. मी पहिल्याच आठवड्यात त्या पाठ करून घेतो.

स्वल्पविरामाचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. परीक्षेत त्याला एखादा गुण असेल, नोकरीत मात्र तोच घात करतो. माझी एक विद्यार्थिनी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत लागली. एका वर्षी अतिवृष्टीत सोयाबीन गेलं आणि विम्याचे पैसे आले. तिने वरच्या कार्यालयाला कळवलं: द फार्मर्स, हू हॅड इन्शुअर्ड देअर क्रॉप, हॅव बीन पेड. दोन स्वल्पविराम घालून. वरून फोन आला, ‘सगळ्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले?’ गावातल्या कितीतरी जणांनी विमा काढलाच नव्हता. तिला म्हणायचं होतं की ज्यांनी विमा काढला होता फक्त त्यांना मिळाले. स्वल्पविराम घातल्यामुळे अर्थ झाला की शेतकऱ्यांना मिळाले, आणि हो, त्या सगळ्यांनी विमा काढलेला होता. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. इंग्रजी तिचं चांगलं होतं. चूक माझी होती, मी तिला हे कधी नीट शिकवलंच नव्हतं.

यावर मराठीतूनच उपाय निघतो, आणि तो मी तिच्यामुळे शोधला. वाक्य मराठीत म्हणताना ‘फक्त त्याच’ घालून बघा. फक्त त्याच शेतकऱ्यांना, ज्यांनी विमा काढला. अर्थ जुळला तर स्वल्पविराम नको. ‘फक्त तीच गोदावरी, जी नांदेडवरून वाहते’ हे कानाला विचित्र लागतं, कारण गोदावरी एकच आहे. तिथे स्वल्पविराम हवा: द गोदावरी, व्हिच फ्लोज पास्ट नांदेड. गावांची, नद्यांची, माणसांची नावं आली की बहुतेक वेळा स्वल्पविराम लागतो. माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे यात स्वल्पविराम नसेल तर वाचणारा धरून चालतो की तुम्हाला आणखी भाऊ आहेत. एकच असेल तर घाला. म्हणजे कधी कधी हे व्याकरणावर ठरतच नाही, तुमच्या घरात भाऊ किती यावर ठरतं.

आणि स्वल्पविरामानंतर दॅट लिहू नका. व्हिच किंवा हूच.

स्वल्पविराम नसताना व्हिच की दॅट, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, त्याला ठाम एक उत्तर नाही. फाउलर नावाच्या इंग्रज कोशकाराने १९२६ साली सुचवलं की वाक्याला आवश्यक माहिती असेल तिथे दॅट आणि जास्तीची माहिती असेल तिथे व्हिच ठेवावं. अमेरिकेतल्या संपादकांनी ते बरंच मनावर घेतलं, इंग्लंडमध्ये दोन्ही चालत राहिलं. आपल्याकडच्या परीक्षांत वस्तूसाठी दोन्ही पर्याय एकाच प्रश्नात सहसा देत नाहीत. दिलेच, तर आधी दुसरं कारण शोधा: ऑल, एव्हरीथिंग, नथिंग, द ओन्ली किंवा बेस्टसारखं विशेषण आधी आलंय का? आलं असेल तर दॅट. शालेय व्याकरण हे नियम म्हणून शिकवतं आणि परीक्षेपुरतं ते पाळावं. प्रत्यक्षात माणसांच्या बाबतीत द फर्स्ट वुमन हू असं चांगले लेखक सर्रास लिहितात. ते वर्तमानपत्रात वाचलं तर गोंधळून जाऊ नका.

हूमचंही तसंच. बोलताना द मॅन हू आय मेट म्हटलं तर आज कुणी चूक काढणार नाही. किंबहुना सर्वनाम गाळून द मॅन आय मेट हेच जास्त ऐकू येतं. परीक्षेत आणि अर्जात हूम लिहा. टू, फॉर, विथ, फ्रॉम यांच्या लगेच नंतर तर हूमच: टू हूम, विथ हूम. आणि गाळायचं असेल तर हिम, हर किंवा कर्माच्या जागचं इट पुसलेलं असेल तरच गाळता येतं. ही किंवा शी पुसलं असेल तर गाळू नका, द गर्ल गॉट द जॉब इज माय फ्रेंड हे वाक्य उभं राहत नाही.

हूज फक्त माणसांना, असं काही ठिकाणी शिकवतात. तसं नाही. पैठणचं जायकवाडी धरण घ्या, त्याला २७ दरवाजे आहेत. द डॅम हूज गेट्स वेअर ओपन्ड यस्टरडे, हे शुद्ध इंग्रजी आहे. फक्त ॲपॉस्ट्रॉफी घातलेलं हूज म्हणजे ‘हू इज’, त्याची सरमिसळ करू नका. आणि ‘जे’ दिसलं की व्हॉट लिहायची सवय असेल तर तीही तोडा. व्हॉट म्हणजे ‘जे… ते’ दोन्ही मिळून एकच शब्द. जे त्याने सांगितलं ते खरं आहे, व्हॉट ही सेड इज ट्रू. पण आधी एव्हरीथिंग किंवा द थिंग येऊन बसलं असेल तर ‘ते’ची जागा भरलेली आहे, तिथे व्हॉट नको. एव्हरीथिंग दॅट ही सेड.

रोजचा सराव विचाराल तर एवढाच करा. इंग्रजी वर्तमानपत्रातली हू, व्हिच, हूज असलेली पाच वाक्यं घ्या आणि प्रत्येकाची दोन दोन वाक्यं करा. जोडायला सगळेच शिकवतात, तुम्ही तोडायला शिका. तोडलं की काय पुसलं होतं ते दिसतं. वहीत पेन्सिलने लिहा आणि खरोखर खोडरबरने खोडा. मोठ्या मुलांना हे पोरकट वाटतं, पण मनातल्या मनात करणारे पुन्हा ‘ला’कडे वळतात, हे मी दर वर्षी बघतो. साधारण तीन आठवड्यांत हात बसतो. कुणाला दोन लागतात, कुणाला सहा, ते आधी इंग्रजी वाचन किती झालंय यावर आहे.

आता तुमचं तिसरं वाक्य. ते मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यात वरचे दोन दोष आणि एक नवा, असे तीन एकदम आहेत. ‘ज्यांच्याकडे’ बघून हूज आलं, म्हणजे प्रत्ययाची चूक. ‘कडे’ला इंग्रजीत फ्रॉम लागतं, ते गळालं, म्हणजे घराच्या वाक्यातली चूक. आणि शेवटचं ‘ही’ हे आपल्या जो-तो जोडीतलं ‘ते’ आहे. मराठीत ‘ज्यांच्याकडे’ म्हटलं की ‘ते’ यावंच लागतं, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत द टीचर एकदा येऊन गेला, त्याला पुन्हा ही म्हणून बोलवायचं नाही, आणि त्या ‘ही’साठी घातलेला स्वल्पविरामही मग राहत नाही. तोडा: द टीचर इज रिटायर्ड. आय लर्न्ड इंग्लिश फ्रॉम हिम. हिम पुसलं, हूम आलं, फ्रॉम त्याच्या पुढे जाऊन बसलं. द टीचर फ्रॉम हूम आय लर्न्ड इंग्लिश इज रिटायर्ड.